गोरक्षचं माप

१

सहादेव मिस्तरीचा दिवस रेती चाळण्यानं सुरू व्हायचा. देवपूजा मागाहून, चहा त्याच्याही मागाहून. पाइप वाकवायचा तर त्याच्या पोटात कोरडी रेती ठासून भरावी लागते. नाहीतर वाकताना तो चपटा होतो, आणि चपटा पाइप ऐन वेळेला दगा देतो. नगरच्या स्टेशन रस्त्याला त्याची पत्र्याची शेड होती. वेल्डिंगवाले त्या रस्त्याला पैशाला पासरी, पण शर्यतीच्या मोटारीला आतून पिंजरा बसवणारा हा एकटाच.

शहराबाहेर लढाईच्या काळातली एक ओसाड धावपट्टी होती. वर्षातून दोन-तीन रविवारी पुण्याचे हौशी लोक, छावणीतले साहेब आणि ऊसवाल्या बागायतदारांची पोरं तिथं आपापल्या गाड्या पळवायची. गाडी उलटली तर टप खाली दबू नये म्हणून पाइपांचा पिंजरा, आणि आतला माणूस जागचा हलू नये म्हणून चार पट्टे. दोन खांद्यांवरून यायचे, दोन कमरेवरून, आणि चारही बेंबीपाशी एका बकलात अडकायचे. पट्टे विमानाच्या भंगारातले, पुण्याच्या जुन्या बाजारातून वजनावर आणलेले.

पट्ट्याच्या बाबतीत सहादेवचा एक नेम होता. पट्टा माणसावर मापायचा, कागदावर नाही. गिऱ्हाइकाला सीटवर बसवायचं, पट्टे आवळायचे आणि म्हणायचं, "श्वास घ्या. सोडा." श्वास सोडल्यावर पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम शिरली पाहिजेत. पुरा तळहात शिरला तर तो पट्टा नुसता शोभेचा. माप जमलं की सरकत्या कडीपाशी खडूची रेघ मारायची, म्हणजे काम संपलं.

एकाहत्तर सालच्या माघात शेडमध्ये फियाट उभी होती ती सोनईच्या राधाकृष्ण तात्यांची. रविवारी ती चालवणार होता कानिफनाथ, सहादेवचा धाकटा भाऊ. कानिफ मार्केटात कांद्याचा टेम्पो हाकायचा. पुण्याचा एक गाडीमालक रविवारी बघायला येणार होता आणि कानिफचा हात आवडला तर त्याला कायमचा ठेवून घेणार होता. आईबाप गेल्यापासून सहादेवनंच त्याला वाढवलं होतं. त्याचं बरं व्हावं, यापलीकडं सहादेवला स्वतःसाठी म्हणून काही मागायचं उरलं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी त्यानं कानिफला सीटवर बसवून माप घेतलं. तालमीत कमावलेलं अंग, छाती चाळीस. दोन बोटं घातली, रेघ मारली, बकल सोडून पट्टे सीटवर सुटे टाकले आणि शेडला कुलूप लावलं.

गुरुवारी सकाळी त्यानं गाडीचं दार उघडलं तेव्हा चारही पट्टे बकलात अडकवलेले होते. कडी खडूच्या रेघेपासून पाच बोटं पुढं सरकलेली होती. कुणीतरी पट्टा आवळून घेतला होता, कानिफपेक्षा बऱ्याच बारीक अंगावर.

२

"कानिफ, रातच्याला शेडमंदी आल्ता का तू?"

"मी कशाला येऊ? झोपलो हुतो की. वहिनीला इचार."

छबूबाईनं, सहादेवच्या बायकोनं, चुलीपासून न उठता साक्ष दिली. "घोरत हुतं ते. मलाच झोप न्हाई आली."

किल्ली एकच होती आणि ती सहादेवच्या करदोड्याला असायची. त्यानं स्वतःची समजूत घातली. पट्टा जुना आहे. थंडीनं आकसला असेल. बकल आपणच लावलं असेल आणि विसरलो असू, वय होतंच आहे. पाच बोटं आकसणारा पट्टा त्यानं जन्मात पाहिला नव्हता, पण माणसाला पटवून घ्यायचं असलं की काहीही पटतं. त्यानं कडी पुन्हा रेघेवर आणली, मोच्याकडून मेणाचा दोरा आणला आणि कडीवर चार टाके घालून वर गाठ मारली. आता सरकून दाखव म्हणावं.

शुक्रवारी सकाळी कडी पाच बोटं पुढं होती. बकल लागलेलं होतं. दोरा सीटवर पडला होता. तो कापलेला नव्हता आणि उसवलेलाही नव्हता. गाठ तशीच होती आणि चारही टाक्यांची वळणं दोऱ्यात तशीच होती. सहादेवनं तो उचलला आणि लगेच खाली टाकला. मग तो शेडबाहेर येऊन उन्हात बराच वेळ उभा राहिला.

त्याला जे आठवायचं नव्हतं ते आठवलं होतं.

हीच गाडी, हाच पट्टा, गेल्या वर्षीचा माघ. तेव्हा चालवणारा होता गोरक्ष, तात्यांचा एकुलता एक मुलगा. मापाला म्हणून तो आलाच नाही. गड्याबरोबर निरोप धाडला, मिस्तरी, मी तुमच्याच अंगलटीचा, तुमच्यावरच माप घ्या. सहादेवनं आपला नेम मोडला आणि स्वतःच सीटवर बसून रेघ मारली. धावपट्टीवर गोरक्ष पट्ट्यात बसला तेव्हा त्याच्या छातीवर पुरा तळहात शिरत होता. "मिस्तरी, ढिला वाटतोय," तो म्हणाला. बाजूला छावणीचे दोन साहेब उभे होते, निशाण वर गेलं होतं. एवढ्या लोकांत आपलं माप चुकलं म्हणायची सहादेवला लाज वाटली. तो म्हणाला, "बसंल. बराबर हाय."

तिसऱ्या फेरीला गाडीनं दोन कोलांट्या खाल्ल्या आणि ती पुन्हा चाकांवर उभी राहिली. पिंजरा हलला नव्हता. पट्टा तुटला नव्हता. बकल लागलेलंच होतं. फक्त गोरक्ष पट्ट्यात नव्हता. तो खालून निसटून पुढं, पाय ठेवायच्या जागेत मुटकुळं होऊन पडला होता.

लोकांनी टायरला दोष दिला आणि पिंजऱ्याचं कौतुक केलं. त्या कौतुकावर सहादेवला वर्षात चार गाड्या मिळाल्या. वर्षश्राद्ध उरकल्यावर तात्या स्वतः ही गाडी घेऊन आले होते. "पोराची गाडी येकदा धावू दे," ते म्हणाले होते. "पट्टा त्योच ऱ्हाऊ दे मिस्तरी. तुटला न्हवता त्यो." सहादेवनं मान हलवली होती. दुसरं तो काय करणार होता?

३

शंका आली की माणसानं एकतर ती गिळावी नाहीतर तडीस न्यावी. सहादेवला दोन्ही जमेना. शुक्रवारी दुपारी त्यानं सुतळी घेतली आणि लागलेल्या पट्ट्यांचं माप घेऊन गाठी मारल्या. छातीची एक, कमरेची एक. खांद्यांचे पट्टे मापताना एक गोष्ट ध्यानात आली. डावा पट्टा उजव्यापेक्षा बोटभर आखूड होता. तसा त्यानं कधी लावला नव्हता. कुणीच लावणार नाही.

सुतळी खिशात घालून तो कापडबाजारात भीमा शिंप्याकडं गेला. सोनईची बागायतदार मंडळी तिथंच कपडे शिवायची.

"सोनईच्या गोरक्षचं माप असंल का रं तुज्याकडं?"

भीमानं चष्म्यावरून पाहिलं. "गेलेल्या मानसाचं माप कशाला पायजे?"

"तात्यास्नी फोटोजवळ कोट ठेवायचाय," सहादेवनं थाप मारली. थाप इतक्या सहज निघाली की त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

भीमानं वही काढली, पानं उलटली आणि बोट ठेवून वाचलं. छाती तेहतीस. कंबर सत्तावीस. सहादेवनं दुकानातली टेप घेऊन सुतळी मापली. तेहतीस. सत्तावीस.

"आन् हे बाजूला काय लिवलंय?"

"डावा खांदा खाली. ल्हानपनी बैलगाडीतनं पडल्यालं ते. मी कोटात डाव्या अंगाला कापूस भरायचो, म्हनून कुनाच्या ध्यानात येत न्हवतं. त्याचे आईबाप, त्यो आन् मी. पाचव्याला ठावं न्हाई."

आता पाचव्याला ठाऊक झालं होतं. सहादेव चालत शेडकडं निघाला आणि वाटेत दोनदा रस्ता चुकला. ज्या रस्त्यावर वीस वर्षं काढली तो चुकला.

४

कानिफला सांगावं असं त्याला शुक्रवारी वाटलं आणि शनिवारी सकाळीही वाटलं. पण सांगायचं काय? गाडी चालवू नको म्हटलं तर तो का विचारणार. का म्हटलं की गेल्या माघातलं सगळं बाहेर येणार. मग शेडला गिऱ्हाईक राहणार नाही, पुण्याचा मालक कानिफकडं ढुंकून बघणार नाही, आणि तात्या काय करतील हे तर देवालाच माहीत. सहादेव गप्प बसला. आजवर गप्प बसूनच निभावलं होतं.

शनिवारी दुपारी भाकरी खाऊन तो शेडच्या दारात बिडी ओढत बसला होता. रस्ता उन्हानं ओस पडला होता. पत्रा तापून मधूनच टणकन वाजायचा. त्या आवाजाची त्याला सवय होती. हा दुसरा आवाज बारीक होता आणि गाडीच्या आतून आला. करर, करर, करर. कडी पट्ट्यावरून सरकत होती.

त्याला पळून जावंसं वाटलं. तो उठला आणि गाडीकडं गेला. माणसाचं असंच असतं, पाय कुणाचं ऐकत नाहीत.

काचेतून त्यानं पाहिलं. बकल लागलेलं होतं. पट्टे सीटच्या पाठीला टेकलेले नव्हते. पाठीपासून वीतभर पुढं, मध्ये गोलावा धरून ते उभे होते. आत काही नव्हतं. मागचं तपकिरी रेक्झिन साफ दिसत होतं, त्यावरचा जुना ओरखडासुद्धा. आणि पट्टे हलत होते. सावकाश वर यायचे, सावकाश खाली जायचे.

सहादेवनं दार उघडलं. इतक्या वर्षांची सवय हाताला होती, हात आपोआप पुढं गेला. दोन बोटं पट्ट्याखाली शिरली, जेमतेम. बोटांच्या मागं मोकळी हवा लागायला हवी होती. हवा लागली नाही.

"गोरक्ष," तो म्हणाला. त्याचा आवाज त्याला ओळखू आला नाही. "माप माजंच चुकलं हुतं. मला ठावं हुतं. मी बोललो न्हाई."

पट्टे एकदम सैल पडून सीटवर आले. शेडमध्ये पुन्हा पत्रा वाजला.

सहादेव खाली बसून रडला. चांगला पोटभर रडला, आणि उठला तेव्हा त्याला हलकं वाटत होतं. त्यानं कडी रेघेवर आणली. रविवारी सकाळी ती रेघेवरच होती, पट्टे सुटे होते आणि बकल मोकळं. कबूल केलं, संपलं, असं त्यानं धरलं. रिकाम्या सीटपुढं कबूल होणं फार सोपं असतं, हे त्याला तेव्हा सुचलं नाही.

५

धावपट्टीवर दहा-बारा गाड्या आल्या होत्या. छावणीचे साहेब खुर्च्यांवर बसले होते, गावची माणसं दोरीपलीकडं मातीत उभी होती. राधाकृष्ण तात्या आपल्या जीपमधून आले. त्यांनी कानिफच्या पाठीवर हात ठेवला. पुण्याचा मालक कडेला सिगारेट ओढत उभा होता. कानिफ आनंदात होता. नवा सदरा घालून आला होता, खांद्यांवर तट्ट बसलेला.

"बस," सहादेव म्हणाला. कानिफ बसला. सहादेवनं खांद्यावरचे पट्टे पुढं ओढले, कमरेचे ओढले. बकलापर्यंत ते पोचेनात. वीतभर कमी पडत होते. त्यानं कडीकडं पाहिलं. कडी बरोबर रेघेवर होती. कानिफ चार दिवसांत वीतभर जाड झालेला नव्हता.

"दादा, लई आवळतंय. ढिलं कर की."

निशाणवाला साहेब घड्याळाकडं बघत होता. सहादेवनं कडी मागं घेतली, आणखी मागं घेतली, तेव्हा बकल लागलं. त्यानं दोन बोटं घातली. जेमतेम शिरली. नेमाप्रमाणं सगळं बरोबर होतं. मग त्याची नजर पट्ट्यावर गेली आणि तिथंच राहिली. पट्टा कानिफच्या सदऱ्याला कुठंच लागत नव्हता. सदरा आणि पट्टा यांच्यामध्ये वीतभर जागा होती, तिच्यातून पलीकडचं दार दिसत होतं. तरी बोटं मागून दाबली जात होती.

"दादा," कानिफ हळू म्हणाला, "कुनीतरी मांडीत बसल्यागत वाटतंय रं."

साहेबानं निशाण उचललं. गाड्यांचे आवाज वाढले. सहादेवला पुढचं सगळं दिसलं. दोन फेऱ्या हा पट्टा घट्ट राहील. तिसऱ्या फेरीला मधला निघून जाईल, आणि कानिफ एकटा उरेल, छातीपुढं वीतभर मोकळी जागा घेऊन. "बराबर हाय" एवढे दोनच शब्द बोलायचे होते. ते त्याला पाठ होते.

त्यानं बकलावर मूठ मारली. पट्टे सुटले.

"उतर. उतर खाली."

"आरं पर दादा, निशान..."

"गाडी न्हाई जायाची. उतर म्हनतो ना."

त्यानं कानिफला दंडाला धरून बाहेर ओढलं. बाकीच्या गाड्या धूळ उडवत निघून गेल्या. पुण्याच्या मालकानं सिगारेट टाकली आणि तो दुसऱ्या गाडीकडं वळला. दोरीपलीकडून कुणीतरी हसलं. कानिफ गाडीच्या मागच्या अंगाला जाऊन पाठ फिरवून उभा राहिला. त्याचा राग सहादेवला पाठीवरूनही कळत होता. असू दे, त्याला वाटलं. रागावलेला का होईना, हाय तर खरा.

६

तात्या चालत आले. मागं दहा-वीस माणसं गोळा झाली.

"काय झालं मिस्तरी?"

या खेपेला सहादेवनं लाज बाजूला ठेवली. सगळ्यांच्या देखत त्यानं सांगितलं. गोरक्ष मापाला आला नव्हता. पट्टा त्यानं स्वतःच्या अंगावर मापला होता. गोरक्ष ढिला वाटतोय म्हणाला होता, आणि ते खरं होतं, आणि सहादेवला ते खरं आहे हे माहीत होतं. "टायरनं न्हाई गेला त्यो, तात्या. मी घालवला."

तात्यांच्या हाताची थप्पड बसेल म्हणून सहादेव वाट बघत होता. ती बसती तर बरं झालं असतं.

"मंग काय हुतं त्याचं माप?" तात्यांनी विचारलं.

"छाती तेहतीस. कंबर सत्तावीस."

"आन्?"

"डावा खांदा खाली."

तात्यांनी त्याच्याकडं पाहिलं. हे तुला कसं ठाऊक, असं त्यांनी विचारलं नाही. ते गाडीच्या उघड्या दारापाशी गेले, वाकले आणि रिकाम्या सीटला, रोज घरात बोलावं तसं म्हणाले, "चल रं. बास झालं आता. तुजी आय वाट बघती. चल घरी."

सगळे सीटकडं बघत होते. सहादेवही बघत होता. रेक्झिन तसंच होतं, पट्टे तसेच पडले होते. काही हललं नाही. एकजण खोकला. तात्या सरळ झाले, डोळ्यांना उपरणं लावून जीपकडं गेले आणि ड्रायव्हरशेजारी बसले.

कानिफकडं कुणी पाहिलंच नव्हतं. तो गाडीच्या मागून आला आणि सहादेवच्या अगदी जवळून, त्याला न बघता, जीपच्या दिशेनं चालत गेला. सकाळी खांद्यांवर तट्ट बसलेला सदरा आता त्याच्या अंगात ढगळ झाला होता. डावी बाही बोटांच्याही खाली लोंबत होती.

"कानिफ," सहादेवनं हाक मारली.

तो चालत राहिला.

"कानिफ, आरं कुटं निगाला? रागावू नगं. घरी चल, वहिनीनं जेवायला केलंय."

जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून तो वळला. चेहरा कानिफचाच होता. काम चोख करून देणाऱ्या कारागिराकडं गिऱ्हाईक बघतं तसं त्यानं सहादेवकडं पाहिलं आणि ओळखीचं हसला.

"येतो मिस्तरी," तो म्हणाला.

तात्यांनी पुढं बघत सरकून त्याला जागा केली.